तेवीस नंबरचा करंज

आमच्या गल्लीत बत्तीस करंज आहेत, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर मी त्यांना सरसकट 'झाडं' म्हणत होतो आणि त्यांच्या सावलीत स्कूटर लावत होतो. सुनेनं एका सकाळी चहाच्या टेबलावर गल्लीचा नकाशा पसरला, त्यावर बत्तीस ठिपके काढले आणि म्हणाली, "बाबा, माझं एक काम कराल का?"

या वाक्याचं महत्त्व सांगायला हवं. सून घरात येऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत तिनं मला "बाबा, पंखा बंद करू का?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं. पोरगी गुणाची, पण कामाची. सकाळी साडेआठला झाडांच्या संशोधन केंद्रात जायची आणि संध्याकाळी परत येऊन झाडांबद्दलच वाचायची. मी पस्तीस वर्षं सरकारी भांडारात काढली, स्क्रूपासून रोडरोलरपर्यंत सगळं सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर घरात माझ्या ताब्यात फक्त गच्चीची किल्ली आली. त्यामुळे "काम कराल का" हे ऐकून मी काम कसलं हे न विचारता हो म्हणालो.

काम असं होतं. करंजाच्या बियांतून तेल निघतं आणि त्या तेलापासून गाड्या चालवण्याचं डिझेल बनवता येतं. पण सगळे करंज सारखे नसतात. "दोन झाडं शेजारी शेजारी वाढली तरी एकाच्या शंभर ग्रॅम बियांत पंचवीस ग्रॅम तेल निघतं आणि दुसऱ्याच्या चाळीस," सून म्हणाली. "माती तीच, पाणी तेच. फरक त्यांच्या वंशातच असतो. तो फरक मोजायचा आणि सगळ्यांत चांगलं झाड शोधायचं. त्याच्या कलमांपासून पडीक जमिनीवर दहा हजार झाडं लावणार आहेत."

"म्हणजे सख्खे भाऊ असून एक कामाचा आणि एक नुसता उंच," आमची ही म्हणाली. माझे धाकटे बंधू कामाचे समजले जातात. मी उंच आहे.

सुनेनं तीन वर्षं गावोगावचे करंज मोजले होते. आमची गल्ली शेवटची राहिली होती. महिनाअखेर केंद्राची समिती अहवाल बघणार होती आणि त्या अहवालावर तिची नोकरी कायम व्हायची की नाही हे ठरणार होतं. नेमक्या शेंगा पिकल्या तेव्हाच तिला बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला जावं लागत होतं. तिनं मला एका कागदावर लिहून दिलं: प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येक झाडाच्या दोनशे शेंगा, प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, एकमेकांत मिसळू नका. रिक्षात बसताना तोंडी म्हणाली, "आणि बाबा, फार दगदग करू नका. शेंगा जशा मिळतील तशा घ्या."

हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

पहिल्याच दिवशी मी लांब काठीला आकडा बांधला, झाडाखाली हिची चादर अंथरली आणि एक नंबरच्या करंजाला हलवलं. चार शेंगा पडल्या आणि पाचवीच्या आधी समोरचे मॅनेजरसाहेब आले. ते बँकेत मॅनेजर होते. निवृत्त झाले तरी त्यांचं बघणं अजून कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघण्यासारखंच आहे.

"परवानगी घेतलीत का?" त्यांनी विचारलं. "झाड नगरपालिकेचं. झाडावरची शेंग नगरपालिकेची. उद्या कुणी तक्रार केली तर?"

कुणी म्हणजे कोण, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी काठी ठेवली आणि उद्यान विभागात गेलो.

खिडकीत बसलेल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "झाड तोडायचंय?"

"नाही."

"फांदी?"

"नाही. शेंगा घ्यायच्यात."

"पडलेल्या की पाडलेल्या?"

मला या माणसाबद्दल तिथल्या तिथे आदर वाटला. नेमका प्रश्न विचारणारा कारकून हल्ली दुर्मीळ झालाय. मी म्हटलं, "पाडलेल्या."

"पाडण्याचा अर्ज नाही आमच्याकडे. तोडण्याचा आहे. पडलेल्या असतील तर तो कचरा. कचऱ्याला स्वच्छता विभाग. वरचा मजला."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "ओला कचरा की सुका?" मी खिशातून शेंग काढून दाखवली. त्यांनी ती दाबून बघितली आणि बराच विचार करून म्हणाल्या, "झाडावर आहे तोवर उद्यानाची."

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून घरी गेला असता. मला मात्र बऱ्याच दिवसांनी हुशारी वाटत होती. मी जिन्यातच बसलो आणि एक अर्ज स्वतः आखला. 'वृक्षावरील पक्व शेंगा संशोधनार्थ अल्प प्रमाणात हलवून घेण्याबाबत' असं मथळ्यात लिहिलं, खाली अकरा रकाने पाडले आणि तीन प्रती केल्या. एक उद्यानाला, एक माहितीसाठी स्वच्छता विभागाला आणि एक माझ्यासाठी. कारकुनानं तो अर्ज दोनदा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर मी माझ्या नोकरीच्या उमेदीच्या काळातलं समाधान पाहिलं. त्यानं तिन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि विचारलं, "याची एक कोरी प्रत ठेवू का? पुढे कुणाला लागली तर?"

अंगावर मूठभर मांस चढवूनच मी घरी आलो. त्या स्वच्छता विभागाच्या प्रतीनं पुढे काय केलं ते येईलच.

शिक्का आल्यामुळे गल्लीत कामाला वजन आलं. चांगल्या झाडापासून दहा हजार झाडं होणार, ही बातमी हिनं एकाच बाईला सांगितली होती, पण बाई योग्य निवडली होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराला आपल्या फाटकासमोरच्या झाडाबद्दल अचानक माया उत्पन्न झाली. ज्यांनी त्या झाडाला आयुष्यभर स्कूटरची साखळी बांधली तेही बादल्या घेऊन बाहेर पडले. "आमचा करंज लहानपणापासूनच तब्येतीनं चांगला," असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं. मॅनेजरसाहेबांसमोरचा करंज नऊ नंबरचा होता. त्यांनी त्याला एक नंबर द्यावा असं सुचवून पाहिलं. मी म्हटलं, नंबर गल्लीच्या तोंडापासून सुरू होतात, वशिल्यापासून नाही. ते दुखावले.

फक्त तेवीस नंबरच्या झाडाला कुणी वाली नव्हता. ते गल्लीच्या मागच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या पेट्या आणि विजेचा डबा यांच्या मधल्या फटीतून वाकडं होऊन वर आलं होतं. त्याच्या शेंगा बघून मलाच त्याची लाज वाटली.

आता माझ्या मूळ स्वभावाबद्दल. भांडारात दोनशे नग मागितले की मी चारशे बघून ठेवायचो. साठा हाताशी असावा, हा माझा पस्तीस वर्षांचा नियम. म्हणून मी प्रत्येक झाडाच्या चारशे शेंगा काढल्या. बत्तीस गुणिले चारशे म्हणजे बारा हजार आठशे. हा गुणाकार मी शेंगा घरात आल्यावर केला. तोवर बैठकीची खोली, पलंगाखालची जागा आणि चिरंजीवांचं कॉम्प्युटरचं टेबल भरून गेलं होतं. चिरंजीवांनी कानातली बटणं काढून पहिल्यांदाच विचारलं, "बाबा, हे काय चाललंय?" आणि उत्तर मिळायच्या आत परत घातली.

शेंग फोडणं हे एक प्रकरणच आहे. करंजाची शेंग चपटी, लाकडासारखी कडक, आणि आत एकच बी. हातोडीनं फोडली की बीचा भुगा. अडकित्त्यानं फोडली की अंगठ्याचा. भुगा झालेल्यांच्या बदली मी त्याच झाडाच्या तेवढ्याच नव्या शेंगा आणल्या. शेवटी शेजारचे दातांचे डॉक्टर मदतीला आले. "मारायचं नसतं हो," ते म्हणाले, "आधी हलवून सैल करायचं." त्यांनी जुना चिमटा आणला, शेंगेची कड धरली, किंचित मुरडली आणि बी अखंड बाहेर. मग ते रोज दुपारी दवाखाना बंद असताना यायला लागले. काम करता करता सवयीनं पुटपुटायचे, "जरा मोठ्ठा आ... झालं झालं." त्यांनी एकट्यांनी साडेतीन हजार शेंगा फोडल्या आणि जाताना मला म्हणाले की इतके शांत पेशंट त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते.

बिया बाहेर आल्या आणि माझ्या मनाला खटकलं. एकाच झाडाच्या बिया, पण काही टपोऱ्या, काही चपट्या, काही सुरकुतलेल्या. एका झाडाच्या मोठ्या, दुसऱ्याच्या बारक्या. हा असला माल सुनेच्या केंद्रात पाठवायचा? 'जशा मिळतील तशा घ्या' असं ती म्हणाली होती खरी. पण पाहुणा 'जे असेल ते वाढा' म्हणतो म्हणून कुणी त्याला शिळं वाढत नाही. बोलणाऱ्यानं संकोचानं बोलायचं असतं आणि करणाऱ्यानं समजून करायचं असतं, अशीच आपली रीत आहे.

मी कामाला लागलो. पुठ्ठ्याला एक भोक पाडलं. जी बी त्यातून गळून पडली ती नापास. जी अडकून राहिली, रंगानं एकसारखी आणि अंगानं भरलेली, ती पास. प्रत्येक झाडाच्या चारशेतून उत्तम दोनशे निवडून पिशवीत भरल्या, सुतळीनं बांधल्या, नंबराचा बिल्ला लावला. तेवीस नंबरनं मात्र माझा अंत पाहिला. चारशेत चाळीससुद्धा धड निघेनात, सगळ्या बारीक आणि आक्रसलेल्या. क्षणभर वाटलं, शेजारच्या झाडाच्या घालून पिशवी भरून टाकावी. पण 'मिसळू नका' हे लेखी होतं, आणि लेखी ते लेखी. त्यातल्या त्यात बऱ्या दोनशे भरल्या आणि नोंदवहीत झाड क्रमांक तेवीससमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'माल निकृष्ट. झाड बदलावे.'

अकराव्या दिवशी मॅनेजरसाहेब आले. राग विसरून म्हणाले, "आमच्या नऊ नंबरच्या बिया जरा दुपारभर घरी नेऊ का? आमच्या सौंना बघायच्यात." मी दिल्या. संध्याकाळी पिशवी परत आली तेव्हा नऊ नंबरच्या बियांवर अशी चकाकी होती की मला वाटलं, झाडाचा वंश म्हणतात तो हाच.

त्याच दिवशी नगरपालिकेची गाडी आली. सहा माणसं उतरली, त्यांनी लांब बांबूंनी बत्तीसही झाडं झोडपली, झाडाखालची शेंगन् शेंग गोळा केली आणि गाडीत भरली. मुकादमानं माझ्यापुढे कागद धरला. "तुमचा शेंगांबद्दलचा अर्ज आला होता ना, त्याचं निवारण केलं. इथे सही." मी 'माहितीसाठी' पाठवलेली प्रत कुणीतरी तक्रार समजून वाचली होती. माझं काम झालेलं असल्यामुळे मी हसत हसत सही केली. गल्ली स्वच्छ झाली याचं श्रेयही मी घेतलं.

बाराव्या दिवशी सून आली. जेवणाच्या टेबलावर बत्तीस पिशव्या चार रांगांत मांडून मी बाजूला उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. सुनेनं बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. पहिली पिशवी उघडली. मग दुसरी. मग सातवी. चौदावी. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं.

"बाबा, या सगळ्या सारख्या कशा?"

"माझीच मेहनत," मी म्हणालो. "एकेक निवडून घेतलीय. तेवीस नंबर सोडला तर एकाही पिशवीत डावं-उजवं सापडणार नाही."

ती खुर्चीवर बसली. बॅग तिच्या खांद्यावरच होती.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मला फरक मोजायचा होता. तुम्ही फरकच काढून टाकलात."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम कळलं आणि पायाखालची जमीन सरकली. तिनं खिडकीतून झाडांकडे बघितलं. झाडांवर नुसती पानं होती. खाली गल्ली लख्ख होती, माझ्या सहीनं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी नीट लिहून द्यायला हवं होतं." ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला माणूस उत्तर देऊ शकतो. मग तिनं नऊ नंबरची पिशवी नाकाशी धरली आणि विचारलं, "बाबा, या बियांना शिवणयंत्राचा वास का येतोय?"

मॅनेजरसाहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी नाकारलं नाही. "तेलाची परीक्षा आहे म्हणालात ना? मग थोडं तेल लावलं तर बिघडलं कुठे? मुलगा परीक्षेला जाताना आपण त्याचे केस विंचरून देतोच की." आणि ते आल्या पावली गेले.

मी आत जाऊन पलंगावर बसलो. पस्तीस वर्षांत माझ्या भांडारात एका नगाचा घोळ झाला नव्हता. आणि घरच्या पोरीनं एक काम सांगितलं, तर तिच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर मी पुठ्ठ्याला भोक पाडून पाणी फिरवलं. मला खरंच रडू येत होतं.

ही आत आली आणि म्हणाली, "अहो, पण त्या नापास केलेल्या बिया टाकल्यात कुठे? त्या गाडीतच गेल्या का?"

दुःखात असलो तरी काही गोष्टी मी ऐकून घेत नाही. "टाकल्या?" मी ताडकन उठलो. "नाकारलेला माल निर्लेखन समितीच्या तीन सह्या झाल्याशिवाय भांडारपाल टाकू शकत नाही. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून तुला हे माहीत नाही? नंबरवार पाकिटं करून माळ्यावर..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात राहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी साठ वर्षांच्या माणसानं चढू नये अशा वेगानं शिडी चढलो.

बत्तीस पाकिटं होती. प्रत्येकात दोनशे बिया, प्रत्येकावर नंबर, 'नापास' असा शेरा आणि माझी सही. नऊ नंबरचं पाकीट मॅनेजरसाहेबांच्या घरी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कोरडं होतं. मी ती टोपली सुनेसमोर ठेवली. तिनं एक पाकीट उघडलं, दुसरं उघडलं, मग माझी नोंदवही ओढून घेतली आणि बोट ठेवून रांग वाचायला लागली.

"बाबा, चारशेतल्या एकूण एक आहेत?"

"बारा हजार आठशे. मोजून घे."

"म्हणजे पास आणि नापास परत एकत्र केल्या की झाडानं दिल्या तशाच झाल्या," ती म्हणाली. "मला दोनशे हव्या होत्या. तुम्ही चारशे दिल्यात. नऊ नंबरच्या फक्त नापास तेवढ्या कोरड्या आहेत, ते एक झाड वगळावं लागेल." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मग सगळं घर टेबलाभोवती बसलं. चिरंजीवांनी कानातली बटणं स्वतःहून काढली. दातांचे डॉक्टर चिमटा घेऊनच आले, जरी फोडायचं काही उरलं नव्हतं. आम्ही पिशवीत पाकीट ओतत होतो आणि मी प्रत्येक वेळी नंबर मोठ्यानं पुकारत होतो. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

बिया केंद्रात गेल्या. मोजमापं झाली, तेल काढलं. आठवड्यानं सुनेचा ऑफिसातून फोन आला. तिनं माझ्या नंबरावर केला होता. "बाबा, एक झाड बाकी सगळ्यांच्या पुढे आहे. शंभराला बेचाळीस. तीन वर्षांत मी इतकं तेल पाहिलं नाही. नंबर ओळखा."

मी चार नंबर सांगितले. सगळे देखणे, रुबाबदार.

"तेवीस," ती म्हणाली.

समिती स्वतः झाड बघायला आली. तीन साहेब आणि एक प्रमुख बाई कचऱ्याच्या पेट्या ओलांडून त्या फटीत शिरल्या आणि त्या वाकड्या खोडावर हात फिरवू लागल्या. आपलं नऊ नंबरचं झाड वगळलं म्हणून मॅनेजरसाहेबांनी निवेदन तयार ठेवलं होतं, पण ते द्यायला त्या पेट्यांमधून आत यावं लागलं असतं, म्हणून राहिलं. प्रमुख बाईंनी विचारलं, "बिया कुणी गोळा केल्या?" सून म्हणाली, "आमच्या बाबांनी." असं चारचौघांत, सरळ. बाईंनी नोंदवही मागितली. पानं उलटत तेवीसवर आल्या, शेरा वाचला, झाडाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांनी वही मिटून मला परत दिली, तेव्हा माझी नजर माझ्या चपलांवर होती.

त्या महिन्यात सुनेची नोकरी कायम झाली. उद्यान विभागात आता माझा अर्ज छापील मिळतो, असंही कळलं.

पण त्या शेऱ्याचं काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मी 'माल निकृष्ट. झाड बदलावे' यावर रेघ मारली, त्याखाली 'भांडारपालाची चूक' असं लिहून सही केली आणि वही सुनेपुढे ठेवली. दुरुस्तीला दुसरी सही लागते, असं तिला समजावून सांगितलं.

तिनं गंभीरपणे पेन घेतलं. सही केली. हुद्द्याच्या रकान्यात 'सून' लिहिलं. मग थोडा विचार करून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'भांडारपाल बदलू नये.'

मी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. हिनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, "घाई करू नका. समितीच्या तीन सह्या लागतात ना? माझी अजून व्हायचीय."